सत्तेचाळीस फुटी घर

सांगलीत नदीकडच्या भागात घर कसं आहे हे सांगताना खोल्या किती, पार्किंग आहे का, ऊन कुठून येतं, हे सगळं नंतर. आधी फूट. "तुमचं किती फुटी ओ?" "आमचं एकेचाळीस. तुमचं?" "पंचेचाळीसला गेट, सत्तेचाळीसला उंबरा." परगावच्या माणसाला वाटतं, ही मंडळी घराच्या उंचीबद्दल बोलतायत. उंचीचा काही संबंध नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. तिथं पाणी किती फुटांवर गेलं की ते आपल्या दारात येतं, तो हा आकडा. आधार कार्डावर तो छापत नाहीत, पण इथं प्रत्येकाला स्वतःचा तर पाठ असतोच, शेजारच्याचाही असतो. आणि शेजारी चारेक इंच खाली असेल, तर तो जरा जास्तच पाठ असतो.

सरकारी हिशेबानं ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या बाजूची मंडळी सरकारनं इशारा देईपर्यंत बोचकी बांधून रस्त्यावर आलेली असतात. आमची गल्ली ४३ ला बुडते. म्हणजे धोका सुरू व्हायच्या दोन फूट आधीच आमच्याकडे टेम्पो येणं बंद होतं. त्यामुळे धोका आहे हे सरकार जेव्हा कळवतं, तेव्हा ते ऐकायला आम्ही घरी नसतो.

मी मूळची विश्रामबागची. विश्रामबाग उंचावर. तिथल्या माणसांना पूर हा वर्तमानपत्रातला विषय वाटतो. माझं लग्न झालं ते २००५ च्या आधी. तोवर पूर म्हणजे म्हाताऱ्यांनी पायावर पाय टाकून सांगायची गोष्ट होती. माझ्या वडिलांनी स्थळ बघताना मुलाचा पगार विचारला, व्यसन विचारलं, पत्रिका दोन गुरुजींकडून तपासून घेतली. फूट विचारायची पद्धत तेव्हा पडायची होती. आता पडलीय. परवाच गल्लीतल्या एका मुलाच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या मामानं पोह्यांची बशी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "उंबरा किती?" आणि मुलाकडच्यांनी अर्धा फूट वाढवून सांगितलं. वय कमी सांगायचे दिवस गेले.

घर माझ्या सासऱ्यांनी बांधलं. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून "फलाट क्रमांक सहावर लागलेली गाडी" करण्यात गेलं. त्या पगारात हप्त्यानं घेतलेला प्लॉट. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "नदीकडचा वारा येतोय बघा." माणूस खरं बोलला. वारा येतो. वाऱ्याच्या मागून काय येतं ते मामांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

तीन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं लोखंडी ग्रिलचा व्हरांडा, मागं धुण्याचा दगड आणि पेरूचं झाड. बैठं घर. २००५ नंतर मामांनी भविष्य निर्वाह निधीतले राहिलेले पैसे काढून जिना घातला आणि गच्चीवर एक पत्र्याची खोली बांधली. कागदोपत्री ती पाहुण्यांसाठी. प्रत्यक्षात ती फ्रिजसाठी. पाहुणा आला तर तो हॉलमध्ये सतरंजीवर झोपतो. त्याला काय, तो पोहू शकतो.

पुढं पूररेषा आल्या. निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधायला बंदी, निळी आणि लालच्या मधे अटी. आमचं घर मधे आहे. मामा हे अभिमानानं सांगतात. "आपण लाल रेषेत मोडतो," म्हणजे जणू आरक्षित डब्यात जागा मिळाली. आता शंभर वर्षांत एकदा येणारं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ असं तीनदा येऊन गेलं. त्यावर मामांचा हिशेब असा की, पुढच्या तीनशे वर्षांचं उरकलं. गणित कुठं चुकतंय हे त्यांना समजावून सांगायची कुणाची छाती नाही, आणि खरं सांगायचं तर हे गणित चुकू नये असंच आम्हाला सगळ्यांना वाटतं.

हॉलच्या दाराच्या चौकटीवर मामांनी पुराच्या रेघा मारून ठेवल्यात. २००५ ची रेघ माणूसभर उंचीवर, २०२१ ची चौकटीच्या वर भिंतीवर. २०१९ ला नदी ५७ फुटांच्याही पुढं गेली तेव्हा रेघ मारायला भिंतच शिल्लक राहिली नाही. तेव्हा पंख्याच्या हुकाजवळ तेलरंगाचा एक ठिपका दिलाय. त्याच चौकटीवर माझ्या मुलाच्या उंचीच्याही खुणा आहेत. त्यामुळे लहानपणापासून "कितीला आलास रे?" या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे इंचात येत नाही. मागच्या दिवाळीत मोजलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "अजून चार बोटं हायत दोन हजार पाचला. दूध पी."

जून गेला की मामा वही काढतात. रेघांची, जाड पुठ्ठ्याची, एसटीच्या काळातली. डावीकडे कोयना, नवजा, महाबळेश्वर, या तिन्ही ठिकाणच्या पावसाचे मिलिमीटर. मधे धरणातला साठा. उजवीकडे विसर्ग आणि खालच्या अंगाचं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी हे आमच्याकडे बाराखडीच्या आधी शिकवतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. आत्या चौथीपर्यंत शिकल्या. पण क्युसेक म्हणजे काय हे त्यांनी माझ्या पतसंस्थेच्या मॅनेजरना आमच्याच ओट्यापाशी उभं करून समजावलं होतं. "एका सेकंदाला एक घनफूट. म्हणजे अठ्ठावीस लिटर. म्हणजे आपले दोन हंडे. असे पन्नास हजार क्युसेक सोडले म्हणजे मोजा आता, एक लाख हंडे. सेकंदाला. आणि आमच्या नळाला सकाळी अर्धा तास."

पूर आला की तोही अर्धा तास जातो, कारण पाणी उपसायचे पंपच पाण्यात जातात. घरभर पाणी आणि प्यायला टँकर. हा विनोद नदीचा आहे, माझा नाही.

सुरुवात नेहमी सौम्य असते. "कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग सुरू." बातमी इतकी साधी की वाचताना कुणाचा चहा थांबत नाही. फक्त मामा वहीत लिहितात आणि पेनचं टोपण जरा जोरात लावतात. मग दुसरी बातमी: सहा वक्र दरवाजे एक फुटानं उचलले. मग तीन फुटांनी. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष पडतात.

आमचे हे 'काही येत नाही' पक्षाचे. सगळं आयुष्य त्या पक्षात काढलं. कारण उघड आहे: बहुतेक वर्षी येत नाही. त्यामुळे त्यांचं मत इतक्या वेळा खरं ठरलंय की कुणालाही हेवा वाटावा. खोटं ठरलं तेवढ्या वेळांच्या खुणा भिंतीवर आहेत.

मामा 'हिशेब' पक्षाचे. "आत्ता अडतीस नऊ. तासाला दोन इंच चढतंय. वारणेचं पाणी अजून हरिपूरला पोचायचंय. म्हणजे उद्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडाला." हे ते अशा आवाजात सांगतात की माणूस आपोआप फलाटाकडे बघतो. आणि पाण्याला उशीर झाला तर मामा चिडतात. सव्वादोनला ते छत्री घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे असतात, घड्याळ बघत, ड्रायव्हरची चौकशी केल्यासारखे.

आत्यांचा पक्ष वेगळा. त्या एकच विचारतात, "म्हशी हलल्या का?"

आमच्या मागच्या बाजूला एका गवळ्याचा गोठा आहे. तो वही ठेवत नाही, मोबाइलवर काही बघत नाही, कोणाशी चर्चा करत नाही. संध्याकाळी नदीवर जातो, पाण्यात काठी खुपसतो, एक बिडी ओढतो आणि परत येतो. त्या रात्री त्यानं म्हशी सोडल्या आणि वरच्या रस्त्याला नेऊन बांधल्या की संपलं. आत्या पदर खोचतात. त्याच्या म्हशींचं आजवर चुकलेलं नाही. जलसंपदा, हवामान, महापालिका, भोंगा लावून फिरणारी गाडी, या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण गल्लीत विचाराल तर शेवटचा शब्द म्हशींचा.

मधल्या काळात मोबाइल आपलं काम करत असतो. गल्लीच्या ग्रुपवर धरणाच्या दरवाज्यातून उसळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ येतो. खाली लिहिलेलं, "आत्ताची स्थिती, सर्वांना पाठवा." त्यातलं धरण कोयना नसतं. बहुतेक वेळा ते आपल्या देशातलंही नसतं. मग कुणीतरी मगरीचा फोटो टाकतं. आता कृष्णेत मगरी आहेत हे खरं, घाटावर बसलो की कधीमधी पाण्यात ओंडक्यासारखं काहीतरी सरकतंच. पण पुराच्या दिवसांत तीच एक मगर एकाच संध्याकाळी गावभागात, हरभट रस्त्यावर आणि स्टँडजवळ दिसते. एवढी फिरती नोकरी मामांनीही केली नाही.

मारुती चौकाकडच्या कट्ट्यावर तोवर अलमट्टी सुरू झालेली असते. तिथं तीन मतं आहेत. एक, अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पाणी तुंबतं. दोन, कोयनेतून वेळेवर सोडत नाहीत आणि मग एकदम सोडतात. तीन, ओढे-नाले बुजवून त्यावर घरं बांधली, मग पाण्यानं जायचं कुठं? तिसरं मत मांडणाऱ्याचं घर पूर्वीच्या ओढ्यात आहे, हे बाकीचे दोघं लगेच त्याच्या लक्षात आणून देतात. समिती नेमून झाली, अहवालही आला. कट्ट्यानं तो अजून स्वीकारलेला नाही.

आणि मग तो क्षण येतो. 'उचला.'

घर वर नेणं म्हणजे काय हे ज्यांनी फ्लॅटमध्ये जन्म काढला त्यांना सांगून कळणार नाही. पहिल्यांदा काय न्यायचं यावर आमच्याकडे दरवर्षी तीच चर्चा, त्याच शब्दांत होते. मामा म्हणतात कागदपत्रं. प्रॉपर्टी कार्ड, रेशन कार्ड, पेन्शनचं पुस्तक, घरफाळ्याच्या १९८० पासूनच्या पावत्या. सगळं तिहेरी प्लॅस्टिकमध्ये, वरून सायकलची ट्यूब. चर्चा संपेपर्यंत आत्यांनी कांदा-लसणाच्या चटणीची बरणी वर नेऊन ठेवलेली असते. वर्षाची चटणी. बेडगी आणि लवंगी मिरची निवडून, देठं काढून, उन्हात वाळवून, डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणलेली. "कागद काय, तलाठी दुसरे देतोय. चटणी कोण देतोय?" यावर मामांकडे उत्तर नाही.

मग गॅसचं सिलिंडर. ते वर नेलं नाही तर बांधून ठेवावं लागतं, कारण रिकामं झालेलं सिलिंडर पाण्यावर तरंगतं आणि बघता बघता दुसऱ्याच्या नावावर जातं. २०१९ नंतर आमच्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागच्या गल्लीतल्या गुरुजींच्या अंगणात सापडल्या आणि त्यांचा शिसवी पाट आमच्या मोरीत. दोन्ही घरांत याची पूर्ण कल्पना आहे. हळदीकुंकवाला गेलं की मी आमच्याच खुर्चीवर बसते आणि "छान आहेत हो खुर्च्या" म्हणते. त्या आमच्याकडे आल्या की पाटाकडे बघून "शिसवी दिसतोय" म्हणतात. व्यवहार बरोबरीत आहे म्हणून कुणी पुढं बोलत नाही.

लोखंडी कपाट हलत नाही. त्याला चार विटा. दिवाणाला सहा. आमच्या जिन्याखाली विटांची एक थप्पी बारमाही असते. एकदा एका नव्या शेजाऱ्यानं विचारलं, "बांधकाम काढताय का?" आम्ही सगळे त्याच्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं! नुकताच राहायला आला होता बिचारा. पंचेचाळीस फुटी.

फ्रिज हा या सगळ्या प्रकरणाचा कळस. जिना मामांनी काटकसरीनं बांधला, त्यामुळे वळणावर एक माणूस आडवा गेला तर दुसऱ्यानं श्वास सोडू नये अशी परिस्थिती. फ्रिज उचलायला चौघं लागतात. दोघं वरून ओढणारे, दोघं खालून ढकलणारे, आणि पाचवे मामा. मामा फ्रिजला हात लावत नाहीत. ते सूचना देतात. "घ्या, घ्या, येऊ द्या, येऊ द्या, बस, बस, थांबा!" हे गाडी मागं घेतानाचं बोलणं आहे हे नव्या माणसाला माहीत नसतं. तो 'येऊ द्या' ऐकून ढकलतो, वरचा 'थांबा' ऐकून सोडतो, आणि फ्रिज वळणावर अडकतो. अशा अवस्थेत एका वर्षी आमचे हे फ्रिजच्या वरच्या बाजूला आणि आम्ही सगळे खालच्या बाजूला, अशी कुटुंबाची फाळणी झाली होती. ह्यांना तिथूनच फोन लागला पुण्याच्या नणंदेचा. "दादा, टीव्हीवर सांगली दाखवतायत. पाणी कुठवर आलंय?" हे म्हणाले, "मला इथनं फक्त फ्रिज दिसतोय."

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन हा स्वतंत्र पूर. सगळ्यांचा प्रश्न एक, "पाणी कुठवर?" आणि सगळ्यांचा सल्ला एक, "तुम्ही ते घर विकून का टाकत नाही?" हा सल्ला नेमका आपण गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन पाचव्या पायरीवर असताना येतो.

त्याच वेळी आयर्विन पुलावर जत्रा भरलेली असते. हा पूल १९२९ चा, संस्थानच्या काळातला. पाणी वाढलं की उंचावरची सगळी सांगली तिथं पाणी बघायला येते. पोरंबाळं खांद्यावर, कागदाच्या पुड्यात भडंग, भाजलेली कणसं, सेल्फी. "काय पाणी आलंय ओ!" असं म्हणताना त्यांच्या आवाजात जो आनंद असतो, तो मला पाठ आहे. लग्नाआधी मीही तिथं उभी राहून भडंग खाल्लेत. पाण्याकडे बघण्याच्या दोनच जागा आहेत, पुलावरून आणि उंबऱ्यावरून. भडंग फक्त पहिल्या जागेवरून चांगले लागतात.

सामान वर गेलं, वीज तोडली, मोरीच्या पाइपला चिंध्यांचा बोळा आणि वर वाळूची पिशवी दाबली की आम्ही निघतो. कुठं? माझ्या माहेरी. विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. पूर्वी मुली माहेरपणाला जात, मी सासर घेऊन जाते.

माझे वडील सज्जन आहेत. ते टोमणा मारत नाहीत. ते फक्त प्रत्येक जेवणाला ताट पुढं ओढता ओढता म्हणतात, "इथं तसं पाण्याचं काही नाही." मामा मान हलवतात. सकाळी नाश्त्याला परत, "इथं तसं पाण्याचं काही नाही." तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "व्हय, नळालाबी न्हाई." त्या दिवसापासून दोन्ही व्याही फक्त पेपरची पानं बदलून घेण्यापुरतं बोलतात.

स्वयंपाकघरात आई आणि आत्या. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीनं वागतात की मला धडकी भरते. "तुम्ही बसा हो, मी करते." "छे छे, तुम्ही बसा, रोज करताच की." शेवटी दोघी उभ्या आणि मी करते. आईच्या आमटीला तिखट कमी असतं. आत्या काही बोलत नाहीत. त्या पिशवीतून एक छोटी वाटी काढतात. बरणी गच्चीवर सोडली तरी चटणीची एक वाटी बरोबर आलेली असते. आई ती वाटी बघते. मी आमटी ढवळत राहते. मुलगा आजोबांच्या वायफायवर असतो. पूर म्हणजे त्याच्या दृष्टीनं चांगलं नेटवर्क.

रात्री मामा दर दोन तासांनी उठतात. अंधारात हॉलमधून आवाज येतो, "एक्केचाळीस आठ." थोड्या वेळानं, "बेचाळीस दोन." माझे वडील आतून विचारतात, "कुठली गाडी?" त्यांना वाटतं मामा झोपेत बोलतायत.

मग बेचाळीस सात. बेचाळीस सात. परत बेचाळीस सात. पाणी थांबतं. पाटण, महाबळेश्वरकडे उघडीप मिळालेली असते, दरवाजे खाली येतात. गल्लीच्या तोंडाशी येऊन, पाच इंचांवरून नदी मागं फिरते.

इथं सुटकेचा निःश्वास वगैरे टाकायचा असतो. पण घरातल्या एकेकाचे चेहरे बघावेत. कुणाच्या मनात असतं ते कुणी बोलत नाही: एवढं सगळं वर नेलं, आणि आली नाहीच. मामा वहीत आकडा लिहितात आणि पुढं शेरा, 'रद्द'.

ज्या वर्षी खरंच येतं त्या वर्षाबद्दल असं हलकंफुलकं लिहिता येत नाही. २०१९ ला गाळ काढताना लग्नाचा अल्बम हातात आला तो एका लगद्याच्या रूपात. पण अल्बमचं काय, त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं गेली. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, हळद साठवण्याची पिढ्यांची रीत पुरांनी मोडीत काढली. आमचं तर चार भिंती धुऊन भागलं. त्या दिवसांत गवळ्यानं आमच्याकडे दुधाचे पैसे घेतले नाहीत आणि गुरुजींच्या घरातला चिखल आम्ही काढला, आमच्यातला त्यांनी. खुर्च्यांचा विषय निघाला नाही तो त्यामुळेही असेल.

तर, न आलेला पूर. मला विचाराल तर माणसाला मोडतो तो हाच. कारण आता सगळं खाली आणायचं असतं, आणि खाली आणायला कुणी येत नाही. वर नेताना गल्लीतली पोरं धावत येतात. संकट असतं, अंगात वारं असतं, मोबाइलवर टाकायला फोटो मिळतो. खाली आणताना काय आहे? फ्रिज खाली आणतानाचा फोटो आजवर कुणी टाकलेला नाही. ज्यानं पोतं उचललं त्याची आता पाठ धरलीय, ज्यानं कपाटाखाली विटा सारल्या त्याला कामावर जायचंय. आमचे हे म्हणतात, "मी सांगत होतो, काही येत नाही." ते हे सोफ्याच्या... सोफा नाही आमच्याकडे. विटांवरच्या दिवाणावर बसून, पाय अधांतरी ठेवून म्हणतात.

आणि खाली आणायचं तरी कधी? ऑगस्ट अर्धा उरलेला. कोयना नव्वद टीएमसीच्या पुढं. मामांचं म्हणणं, धरण भरलेलं असताना खाली आणणं म्हणजे परत वर नेण्याची तयारी. आत्यांचं म्हणणं, गणपती तोंडावर आलेत, माणसं येणार, घर काय असं ओसाड दाखवायचं? तडजोड म्हणून रोज थोडंथोडं खाली येतं. पहिल्यांदा पोळपाट. मग मिक्सर. मग ज्याला जे लागेल ते त्यानं आणायचं, असं ठरतं, आणि मग कुणालाच काही लागेनासं होतं. माणसाला जगायला किती कमी लागतं हे संतांनी सांगितलंय, पण त्यांनी ते जिना चढून पडताळलं होतं की नाही, कल्पना नाही. मागच्या वर्षी आरतीला पाहुणे आले तेव्हा दिवाण अजून सहा विटांवर होता. एक ठेंगण्या काकू त्यावर चढल्या त्या प्रसाद संपेपर्यंत उतरल्या नाहीत. आम्हाला वाटलं, आग्रह आवडला.

फ्रिज मात्र यंदा वरच राहिला. मामांनी तसा हुकूमच काढला: "फ्रिज मुक्कामी." मग दूध वर, दही वर, भाजी वर, आत्यांचं इन्सुलिन वर. सकाळच्या चहाला जिना, पाहुणा आला की जिना, मांजरासाठी जिना. माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा मी जाहीर केलं की, ज्याला चहा हवा त्यानं दूध आणायचं. दोन दिवस घरात काळा चहा झाला. तिसऱ्या दिवशी मामा स्वतः उठले, एका हातात वही, दुसऱ्या हातानं कठडा धरून वर गेले. बराच वेळ खाली आले नाहीत. वरून भांड्यांचा आवाज येत होता. जुना स्टोव्हही वरच होता, चहाची पूडही, साखरेचा डबाही. सगळंच वर होतं.

मग गच्चीवरून मामांचा आवाज आला, स्टँडवर घुमायचा तसा. "चहा तयार आहे. प्रवाशांनी वर यावे." आत्या जिन्याकडे बघत म्हणाल्या, "येताना विटा आणू का दोन? बसायला काय हाय तिथं?"